'भारतातील पहिले' या तक्त्यातले डॉ. सेन : स्पर्धा परीक्षांच्या पुस्तककर्त्यांना खुले पत्र

स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शक पुस्तके लिहिणाऱ्या, छापणाऱ्या आणि सराव प्रश्नसंच काढणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

'भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण : डॉ. पी. वेणुगोपाल, एम्स, नवी दिल्ली, ३ ऑगस्ट १९९४.' ही ओळ तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या ठोकळ्यात, म्हणजे जाडजूड मार्गदर्शक पुस्तकात, आहे. 'भारतातील पहिले' असा तक्ता असतो, त्यात पहिली महिला आयपीएस आणि पहिली टेस्ट ट्यूब बेबी यांच्या आसपास ती सापडते. ही ओळ चुकीची आहे. भारतात एका माणसाचे हृदय पहिल्यांदा दुसऱ्याच्या छातीत बसवले गेले ते १७ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात. ते बसवले डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. रुग्ण काही तासांतच गेला. १९९४ चे प्रत्यारोपण हे देशातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण, आणि त्याचे श्रेय डॉ. वेणुगोपाल यांचेच. दोन ओळींत दोन्ही नीट मावतात. तुम्ही मात्र एक ओळ छापता आणि दुसरी खोडता.

मी एका तालुक्याच्या गावी अभ्यासिका चालवते आणि मुलांना सामान्य विज्ञान शिकवते. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा, ज्याची जशी तयारी तसे. हे या विषयाशी माझे एक नाते, दुसरे नाते घरचे आहे. माझे वडील के.ई.एम.मध्ये वॉर्डबॉय होते. लालबागच्या चाळीत राहायचो तेव्हा आमच्या घरात 'सेनसाहेब' हे नाव देवादिकांच्या जरा खाली आणि मुकादमाच्या बरेच वर असे होते. वडील शाळा चौथीपर्यंत शिकलेले. प्रत्यारोपण हा शब्दही त्यांना धड म्हणता येत नसे, ते 'काळीज बदललं' म्हणायचे. म्हणून तुमच्या तक्त्यातली ती ओळ मला इतरांपेक्षा जरा जास्त बोचते, हे आधीच सांगून टाकते.

तरीही पत्र लिहायला बसले ते दुसऱ्या कारणाने. एका खासगी सराव परीक्षेत माझ्याकडच्या एका मुलीला हाच प्रश्न आला. 'भारतात हृदय प्रत्यारोपणाची पहिली शस्त्रक्रिया कोणी केली?' चार पर्यायांत डॉ. पी. के. सेन हेही नाव होते. म्हणजे पेपर काढणाऱ्याला हे नाव ठाऊक होते! पोरीने तेच निवडले. उत्तरतालिकेत वेणुगोपाल. एक गुण गेला, वर पाव गुण वजा. आम्ही हरकत नोंदवली. उत्तर आले, 'प्रमाणित पुस्तकात असेच आहे', आणि पुरावा म्हणून एका ठोकळ्याच्या पानाचा फोटो. मी ते पान माझ्याकडच्या दुसऱ्या प्रकाशनाच्या पुस्तकाशी ताडून पाहिले. शब्द तेच, स्वल्पविराम तेच, इतकेच काय, खालच्या ओळीत एका शास्त्रज्ञाच्या नावात पडलेली वेलांटीची चूकही तीच. पुस्तकाला पुरावा पुस्तकाचा आणि त्या पुस्तकालाही पुरावा ह्याच पुस्तकाचा, असा हा कारभार आहे. सराव परीक्षेतला सव्वा गुण गेला तर जाऊ दे. पण तिने खऱ्या परीक्षेत काय लिहायचे, हे मी तिला सांगू शकले नाही. शिक्षकाला याहून लाजिरवाणे काही नसते.

तर आता माझ्या तक्रारी एकेक करून.

पहिली, 'पहिले' कशाला म्हणायचे याची. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातले पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. तो रुग्ण अठरा दिवस जगला. तीनच दिवसांनी ब्रुकलिनमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी एका तान्ह्या बाळावर ती शस्त्रक्रिया केली. बाळ काही तासच जगले. जानेवारीत बर्नार्ड यांचे दुसरे, मग स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे यांचे, मग कँट्रोविट्झ यांचे दुसरे. त्यानंतरचे, म्हणजे जगातले सहावे, परळला. सेन हे ही शस्त्रक्रिया करणारे जगातले चौथे शल्यविशारद. पॅरिसला ती एप्रिलअखेर झाली, लंडनला मे महिन्यात. आपल्यानंतर! आता अमेरिकेतले पहिले हृदय प्रत्यारोपण कोणी केले, असे विचारले तर उत्तर कँट्रोविट्झ असे येते. बाळ जगले नाही म्हणून तिथे कुणी त्यांचे नाव पुसलेले नाही. तुमच्याच पुस्तकांत 'जगातील पहिले' म्हणून बर्नार्ड आहेत, अठरा दिवसांचे. अठरा दिवस पुरतात आणि काही तास पुरत नाहीत, तर ही सीमा नेमकी कितव्या दिवशी येते ते तरी छापा.

दुसरी तक्रार ज्या मोजक्या पुस्तकांत सेन आहेत त्यांच्याबद्दल. तिथे कंसात लिहिलेले असते, 'अयशस्वी'. बस्स. वाचणाऱ्या मुलाला वाटते, कुणीतरी उतावळेपणा केला आणि फसला. १९६८ साली जगभर मिळून सुमारे शंभर हृदय प्रत्यारोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत, काही महिन्यांत दगावले. मोठमोठ्या केंद्रांनी हात आखडता घेतला. शरीर परके हृदय नाकारते, आणि त्या नकाराला आवर घालणारे सायक्लोस्पोरिन हे औषध सर्रास वापरात यायला १९८० चे दशक उजाडावे लागले. दुसरी अडचण कायद्याची. हृदय धडधडत आहे पण मेंदू कायमचा थांबला आहे, अशा माणसाला मृत म्हणायचे की नाही? हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले ते ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे परळच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी. आपल्याकडे मेंदूमृत्यूला मान्यता देणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला १९९४ साली. डॉ. वेणुगोपाल यांचे ऑपरेशनही त्याच वर्षीचे, हा काही योगायोग नव्हे. औषध होते, कायदा झाला होता, आणि त्यावर त्यांचे कसब. सेन यांच्यापाशी यातले फक्त शेवटचे होते.

सेन यांनी १९६८ सालीच आणखी एक प्रत्यारोपण केले. तोही रुग्ण एका दिवसापेक्षा जास्त जगला नाही. मग ते थांबले. मला या थांबण्याबद्दलही आदर वाटतो. पेपरात फोटो येत असताना थांबणे सोपे नसते.

तिसरी तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी. सेन जणू १७ फेब्रुवारीला उगवले आणि त्याच दिवशी मावळले, असे तुमची पुस्तके वाचून वाटते. १९६५ साली, बर्नार्ड यांचे नाव जगाला माहीत होण्याच्या दोन वर्षे आधी, सेन, डॉ. गजानन परुळकर, डॉ. शरद पांडे आणि विकृतिशास्त्राचे डॉ. किनरे यांनी कुत्र्यांवर केलेल्या हृदय प्रत्यारोपणाच्या शंभर प्रयोगांचा अहवाल भारतीय वैद्यक संशोधन पत्रिकेत छापला होता. शंभर! महापालिकेच्या रुग्णालयात, दिवसा ओपीडी आणि ऑपरेशनची यादी सांभाळून. केपटाऊनची बातमी ऐकून कुणाला हुक्की आली आणि चाकू उचलला, असे ते प्रकरण नव्हते.

त्याच वर्षीचे दुसरे काम तर वर्गात सांगितले की मुले पेन खाली ठेवतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी असते. त्या स्नायूला रक्त मिळते ते बरेचसे थेट आतल्या कप्प्यातून, झिरपून. आपल्या हृदयाला मात्र बाहेरून येणाऱ्या बारीक रोहिण्यांवर अवलंबून राहावे लागते आणि त्या तुंबल्या की झटका येतो. सेन आणि त्यांचे सहकारी म्हणाले, मग आपल्याही हृदयाच्या भिंतीला भोके पाडून पाहू. कुत्र्याच्या डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) भिंतीत सुईने ठिकठिकाणी छिद्रे पाडायची, म्हणजे कप्प्यातले रक्त स्नायूत शिरेल. लक्षात घ्या, हे १९६५ साल आहे. पायाची शीर काढून हृदयाला जोडायची बायपास अजून रुळायची होती, क्लीव्हलँडमध्ये फावालोरो यांनी ती नावारूपाला आणली १९६७ पासून. सेन यांच्या या शोधनिबंधात डॉ. तेहेमटन उडवाडिया हेही नाव आहे. पुढे भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ओळखले गेले, तेच हे. सुईची जागा पुढे लेझरने घेतली आणि १९९८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेझरच्या त्या उपचाराला मान्यता दिली. छिद्रे टिकतात का, आराम नेमका कशाने पडतो, यावर मग भरपूर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण सापाच्या हृदयावरून निघालेली कल्पना परळच्या प्रयोगशाळेतून जगभर गेली, ही गोष्ट एकाही ठोकळ्यात मला सापडलेली नाही. विज्ञानाचा पेपर असतो ना तुमचा?

आणखी एक. काही तरुण रुग्ण यायचे, दंडाला पट्टा बांधून मोजला तर रक्तदाब भलताच चढलेला, आणि पायाची नाडी शोधूनही हाताला लागत नाही. महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रोहिणी, छातीच्या खालच्या टोकाला किंवा पोटात शिरताना मधेच अरुंद झालेली. १९६३ साली सेन, किनरे, इंजिनिअर आणि परुळकर यांनी ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात याचे वर्णन 'मिडल एऑर्टिक सिंड्रोम' या नावाने केले. जगभरचे डॉक्टर आजही याला याच नावाने ओळखतात. महारोहिणीच्या दाहावर या गटाने पुढे १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथही काढला. आणि रोजच्या कामाचे काय? संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप चिकटलेले रुग्ण त्या काळी वॉर्डात भरलेले असत. हृदय चालू ठेवूनच डाव्या वरच्या कप्प्याच्या टोकातून बोट आत सारायचे आणि डोळ्यांना काहीही दिसत नसताना, निव्वळ स्पर्शाने ती झडप मोकळी करायची. सेन यांनी १९५० च्या दशकातच ही शस्त्रक्रिया परळला सुरू केली होती. अशा माणसाच्या नावापुढे तुम्ही कंसात एक शब्द लिहिता.

१९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९८२ साली ते गेले. एवढे तरी तुमच्या 'पुरस्कार' आणि 'व्यक्तिविशेष' या प्रकरणांत बसायला हरकत नव्हती.

चौथी तक्रार थोडक्यात. तुमच्या ओळीत व्यक्ती असते, संस्था कधीच नसते. १९२६ साली उघडलेले के.ई.एम. आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांच्या जन्माशी एक अट बांधलेली आहे, शिकवणारे सगळे भारतीय असावेत ही. देणगीदारांनी ती इंग्रजांच्या राज्यात घातली होती. ज्या कॉलेजात गोरा प्राध्यापक नको असे ठरले, तिथेच बेचाळीस वर्षांनी लंडनच्या आधी हृदय बदलले गेले. गिरणगावातल्या, चाळीतल्या माणसांच्या दवाखान्यात. राज्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हे कळायला नको?

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडमना वडिलांच्या आठवणीने भरून आले. 'बर्नार्डच्या आधी मुंबईत झाले होते' असा एक मजकूर मोबाईलवर फिरतो. तो खोटा आहे, कृपया तोही उचलू नका. १९६८ ला मेंदूमृत्यूचा कायदा नसताना दात्याचे हृदय काढणे बरोबर होते का, रुग्णाला आणि नातेवाइकांना नेमके किती समजावून सांगता आले असेल, ज्या देशात क्षय आणि हगवणीने माणसे मरत होती तिथे हे आधी करायचे का, हे प्रश्न रास्त आहेत. मी मुलांपुढे ते मांडते आणि त्यांना भांडू देते. सेनसाहेबांचा मला पुतळा नको आहे. त्यांचे काम तपासायचे असेल तर आधी ते पानावर यावे लागेल.

आणि मुंबईचा अभिमान म्हणूनही मी हे लिहीत नाही. तुमच्या त्याच तक्त्यातली टेस्ट ट्यूब बेबी पाहा. बऱ्याच पुस्तकांत अजून हर्षा, १९८६, मुंबई असे असते, आणि तो जन्म के.ई.एम.मधलाच. पण कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ सालीच ते करून दाखवले होते. त्यांना हयातीत कुणी मानले नाही. पुढे कागदपत्रे तपासून त्यांचा मान त्यांना परत दिला तो डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी, हर्षाच्या जन्मामागचे शास्त्रज्ञ हेच. स्वतःच्या नावावरचे 'पहिले' त्यांनी स्वतःहून सोडले. एक माणूस स्वतःच्या कीर्तीबाबत एवढे करू शकतो, तर तुम्हाला पुढच्या आवृत्तीत एक ओळ बदलायला काय जड आहे?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

येत्या आवृत्तीत तक्त्यातली ती ओळ काढून या दोन ओळी घाला : 'भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण : डॉ. प्रफुल्लकुमार सेन व सहकारी, के.ई.एम. रुग्णालय, मुंबई, १७ फेब्रुवारी १९६८ (रुग्ण काही तास जगला).' आणि 'भारतातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण : डॉ. पी. वेणुगोपाल व सहकारी, एम्स, नवी दिल्ली, ३ ऑगस्ट १९९४.' असाच घोळ मूत्रपिंडाच्या ओळीतही आहे. के.ई.एम.मध्ये १९६५ साली, वेल्लोरला यशस्वी प्रत्यारोपण १९७१ साली. ती ओळही याच साच्यात दुरुस्त करा.

जी आवृत्ती दुकानांत आहे आणि जी मुलांनी शे-दीडशे रुपयांची बचत व्हावी म्हणून जुन्या बाजारातून घेतली आहे, तिच्यासाठी शुद्धिपत्रक काढा. नुसते नव्या आवृत्तीत बदलून गप्प बसू नका. जुने पुस्तक वापरणारेच आमच्याकडे जास्त असतात.

प्रश्नसंच काढणाऱ्यांनी 'यशस्वी' असे प्रश्नात स्पष्ट लिहावे. लिहायचे राहिले आणि पर्यायांत दोन्ही नावे असली, तर प्रश्न रद्द करून सर्वांना गुण द्यावेत. हरकतीला उत्तर देताना दुसऱ्या ठोकळ्याचा फोटो पाठवू नये.

विज्ञानाच्या विभागात सेन यांच्या कामावर एक परिच्छेद घालावा. कुत्र्यांवरचे प्रयोग, सापाच्या हृदयावरून सुचलेली सुई, महारोहिणीचा आजार, एवढे पुरे. मजकूर मी तयार केला आहे, कुणालाही फुकट देईन, माझे नाव नको. डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि मग छापा.

२०२४ साली के.ई.एम.मध्ये छप्पन वर्षांनी पुन्हा हृदय प्रत्यारोपण झाले. म्हणजे यंदा ना पुढच्या वर्षी 'चालू घडामोडी'त त्यावर प्रश्न येणारच, 'किती वर्षांनी' असा. त्याचे उत्तर तुमच्याच पुस्तकातल्या तक्त्याशी जुळत नाही. निदान तेवढ्यासाठी तरी नव्या आवृत्तीच्या छपाईआधी ते पान उघडा.

कळावे,
आपली,
तालुक्याच्या गावी अभ्यासिका चालवणारी एक शिक्षिका